दमसास आणि गुडघा

'दम' हा शब्द मराठीने फारसीतून घेतला आणि इतक्या कामांना जुंपला की तो परका राहिलाच नाही. माणसाला दम लागतो, तो दम खातो, दम धरतो, दुसऱ्याला दम देतो आणि शेवटी त्याचा दम निघतो. 'दमसास' हा तर गमतीचा जोडशब्द आहे. दम म्हणजेही श्वास, सास म्हणजेही श्वास. एक तिकडून आला, एक इथलाच, आणि दोघांचा मिळून अर्थ झाला टिकून राहण्याची ताकद. तालमीत दोन मोजमापे चालत. पहिले आकड्याचे: किती जोर, किती बैठका. दुसरे या दमसासाचे: किती वेळ टिकतो, कधी धापा टाकतो, किती लवकर सावरतो. वऱ्हाडातल्या व्यायामाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर यातले पहिले मोजमाप वर चढले आणि दुसरे मागे पडले असे दिसते. याची किंमत सगळ्यात जास्त मोजली ती दुखावलेल्या गुडघ्याने. गुडघा मुरगळलेला, आतली गादी फाटलेली किंवा झिजलेली असा माणूस आज अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापुरात डॉक्टरकडे जातो, तेव्हा त्याला 'लो-इम्पॅक्ट कार्डिओ' करायला सांगतात. म्हणजे सांध्याला दणका न देता हृदयाला काम द्या. त्याला वाटते, हे शहरातल्या जिमचे काहीतरी नवे खूळ. वस्तुस्थिती अशी की या व्यायामाचे बहुतेक प्रकार पूर्णा-चंद्रभागेच्या खोऱ्यात पिढ्यान्पिढ्या चालत आले होते. फक्त त्यांना कुणी व्यायाम म्हटले नाही.

वऱ्हाडात व्यायामाला संस्थेचे रूप आले ते अमरावतीत. आज ज्या संस्थेला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणतात, ती अंबादासपंत आणि अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी 1914 साली सुरू केली. साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटून आले. अमरावती हे टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांचे गाव. 1897 चे काँग्रेस अधिवेशन तिथेच भरले होते. 1878 च्या शस्त्रकायद्याने लोकांच्या हातातली हत्यारे गेली होती. अशा काळात शरीर कमावणे ही खाजगी आवड राहत नाही, ती सार्वजनिक गोष्ट होते. मंडळाने कुस्ती, मल्लखांब, लेझीम, लाठी, कबड्डी यांचे पद्धतशीर शिक्षण उभे केले. राजगुरूंसारखे क्रांतिकारक तिथे काही काळ शिकले. 1936 साली मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. वऱ्हाडाच्या मुलांनी बर्लिनच्या लोकांना मल्लखांब आणि कबड्डी दाखवावी, ही त्या काळात साधी कामगिरी नव्हती, आणि तिचे मोल कमी करण्याचा इथे हेतूही नाही. पण कामगिरीच्या स्वरूपाकडे पाहिले पाहिजे. प्रात्यक्षिक आणि कवायत यांना एक ताल लागतो. शंभर मुले एका शिट्टीवर खाली बसतात आणि एका शिट्टीवर उठतात ती आकडा सगळ्यांचा एक असतो म्हणूनच. श्वास ज्याचा त्याचा वेगळा. तो शिट्टीवर चालत नाही. व्यायाम सामुदायिक झाला, राष्ट्रीय झाला, शाळेत गेला, तेव्हा आकड्याचे राज्य येणे ओघानेच आले.

आकड्याचा मान अर्थात त्याही आधीपासून होता. गामा पहिलवानाच्या रोजच्या बैठका पाच हजार, असे आजही सांगतात, आणि सांगणाराचा आवाज त्या आकड्यापाशी हमखास चढतो. त्याच्याच तीन हजार जोरांचे तितके कौतुक होत नाही. बैठकेला हा मान का मिळाला, हे समजणे अवघड नाही. तिला साधन लागत नाही, जागा लागत नाही, आणि तिने मांड्या भरतात, म्हणजे फळ डोळ्यांना दिसते. शिवाय ती मोजायला सोपी. पण बैठकेत सांध्याचे काय होते? पूर्ण खाली बसताना गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर शरीराच्या वजनाच्या अनेक पटींनी दाबली जाते. निरोगी गुडघा हे सोसतो, त्याने बळकटही होतो. दुखावलेला सोसत नाही. गुडघ्यावर येणाऱ्या भाराचे नेमके मोजमाप पुढे झाले ते योगायोगाने बर्लिनमध्येच. तिथल्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी 2010 च्या सुमारास भार मोजणारे यंत्र बसवलेले कृत्रिम गुडघे वापरून आकडे काढले. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, जिना चढताना तिपटीहून थोडा अधिक, उतरताना जवळजवळ साडेतीनपट. सायकल चालवताना मात्र तो वजनाइतका किंवा त्याहून थोडासाच जास्त. चढण्यापेक्षा उतरणे वाईट, हे गडावर जाऊन आलेल्या कुणालाही ठाऊक असते. सायकलचा आकडा मात्र पुष्कळांना चकित करील.

इथे तालमीचा अभिमानी माणूस हमखास एक आक्षेप घेतो. जुने पहिलवान हजार-हजार बैठका काढत आणि सत्तरीत तरातरा चालत, त्यांचे गुडघे कुठे गेले? हा आक्षेप ऐकायला भक्कम वाटतो, पण त्याच्या पोटात एक चूक आहे. आपण आठवतो ते टिकलेले पहिलवान. ज्याचा गुडघा विशीतच कुस्तीच्या हौद्यात फिरला, तो तालीम सोडून घरी बसला आणि त्याबरोबर आठवणीतूनही गेला. तालमीच्या भिंतीवर तसबिरी लागतात त्या जिंकणाऱ्यांच्या. सोडून गेलेल्यांची वही कुणी ठेवत नाही. आणि तालमीला दुखापत अपरिचित होती असेही नाही. हाड बसवणे, मालीश करणे, लचक काढणे हा वस्तादाच्या विद्येचाच भाग होता. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव यांची ख्याती व्यायामगुरू म्हणून होती तशीच हाडा-सांध्यांवरच्या उपचारांसाठीही होती. त्याच बडोद्यातून दत्तात्रेय चिंतामण मजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. तेव्हा ज्ञानाची वाण नव्हती. उणीव होती ती मधल्या पायरीची. हौद्यात उतरू न शकणाऱ्याने रोज काय करावे, याला तालमीत प्रतिष्ठेचे उत्तर नव्हते. बरा झालास तर ये, नाही झालास तर बस.

खरे तर हे उत्तर आपल्याच परंपरेत होते, आणि तालमीहून जुने होते. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगतात. अर्धी शक्ती ओळखायची कशी? तर हृदयातला वायू तोंडापर्यंत येऊ लागला, म्हणजे माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, कपाळावर, काखेत, सांध्यांवर घाम आला, की थांबावे. वाग्भट पुढे ऋतूही जोडतो: ही अर्धी शक्ती हिवाळ्यात आणि वसंतात, एरवी त्याहूनही कमी. अकोल्या-अमरावतीचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला या जोडणीचे शहाणपण वेगळे सांगायला नको. आजचे वैद्यक मध्यम तीव्रतेच्या व्यायामाची जी घरगुती खूण सांगते ती याहून फार दूर नाही. बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत दम लागला की हृदयाला हवे तेवढे काम मिळाले. जागतिक आरोग्य संघटना अशा व्यायामाची मात्रा प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे सांगते. मिनिटे सांगते, फेऱ्या सांगत नाही, हे ध्यानात घ्यावे. तिकडे मोजमाप श्वासाचे आहे, इकडे श्वासाचे आणि वेळेचे. यात बैठकेचे नाव नाही, गुडघ्याचेही नाही. दम कशाने लागला याला महत्त्व नाही, लागला पाहिजे.

तालमीत गुडघ्याला धक्का न लावता दम आणणारे साधनही होते. ते म्हणजे जोडी. लाकडाचे दोन मुगदर खांद्यामागून फिरवत राहायचे. त्यात पाय एका जागी असतात, काम खांदे, पाठ आणि छातीचा भाता करतो. हिंदुस्थानातल्या इंग्रज सैन्याला या जोडीने इतकी भुरळ घातली की ती 'इंडियन क्लब्ज' नावाने विलायतेत गेली. 1834 साली लंडनमध्ये निघालेल्या डोनल्ड वॉकरच्या व्यायामाच्या पुस्तकात तिला जागा मिळाली. 1904 च्या आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये तर मुगदर फिरवण्याची स्पर्धा होती. म्हणजे वऱ्हाडी पथक बर्लिनला पोचण्याच्या चारच वर्षे आधी आपली जोडी लॉस एंजलिसला पदके वाटून आली होती. घरी मात्र ती जोर-बैठकांच्या मागची, दुय्यम राहिली. लेझीमचेही असेच झाले. मुळात ती लोखंडी साखळी लावलेली कमान, ओढून ताकद कमावण्याची. पुढे ती हलकी झाली, वाजू लागली, मिरवणुकीत गेली. हलकी लेझीम हा दमसासाचा उत्तम व्यायाम आहे, पण तिच्यात बसक्या चाली आणि उड्या आल्या की गुडघा पुन्हा तावडीत सापडतो. जोडीचे तसे नाही. ती खुर्चीवर बसून फिरवली तरी दम लागतो. मात्र हातांच्या व्यायामात रक्तदाब पायांच्या व्यायामापेक्षा लवकर चढतो, म्हणून जोडी हलकी घ्यावी आणि श्वास कोंडू नये. पाच किलोची जोडी दोनदा फिरवून छाती फुगवण्यापेक्षा एक किलोची दहा मिनिटे फिरवणे हृदयाच्या कामाचे.

दुसरे साधन पाणी. दर्यापूर चंद्रभागेच्या काठी. ती मेळघाटाच्या डोंगरातून येते आणि पुढे पूर्णेला मिळते. गाडगेबाबांचा जन्म 1876 साली तेव्हाच्या दर्यापूर तालुक्यातल्या शेणगावचा. बालपण गेले मूर्तिजापूर तालुक्यात, मामाच्या दापुरीला. ढोरे राखणारा डेबू, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, पूर्णेत पट्टीचा पोहणारा म्हणून चरित्रांतून भेटतो. आज आपण त्याच्या हातातला खराटा तेवढा आठवतो. त्या काळच्या गावात पोरगा पोहायला शिके तो कमरेला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, कुणा मोठ्याने ढकलल्यावर. नदीचा डोह, नाहीतर विहीर. या खारपाण पट्ट्यात विहिरींचे पाणी मचूळ, प्यायला नकोसे, पिकाला वाईट. पोहणाराला मात्र त्याचे काही वाटत नसे. या पोहण्याला कुणी व्यायाम म्हटले नाही. ते उनाडपण होते, आई-बापांनी काठी घेऊन काठावर यावे असे. आता सांध्याच्या दृष्टीने पाहा. माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला की पायांवर त्याचे जवळजवळ निम्मेच वजन उरते, छातीइतक्या पाण्यात तिसरा हिस्सा, मानेइतक्या पाण्यात दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. ऐंशी किलोचा माणूस मानेइतक्या पाण्यात सात-आठ किलोचा होतो, आणि पाण्याचा अडसर मात्र प्रत्येक हालचालीला राहतो. गुडघा दुखावलेल्यासाठी यापेक्षा चांगली सोय शोधून सापडायची नाही. पोहता येत नसेल तरी छातीइतक्या पाण्यात नुसते चालणे पुरे. पोहणाराने एक पथ्य पाळावे: बेडकासारखे पाय फाकून मारू नयेत. त्या लाथेने गुडघ्याच्या आतल्या बाजूचा बंध ताणला जातो. पाय सरळ ठेवून मांडीपासून हलवत पोहावे. आज डोहांत वाळूउपशाचे खड्डे आहेत, उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात पूर आहे. दुखऱ्या पायाने नदीत उतरा असे कुणी सुज्ञ सांगणार नाही. त्यासाठी कठडा आणि पायऱ्या असलेला तलाव हवा.

आतापर्यंतची गोष्ट पुरुषांची झाली. बायकांना तालीम नव्हती आणि डोहही नव्हता. त्यांच्या वाट्याला जाते आले. पहाटे तीन-चार वाजता एक पाय पसरून, दुसरा मुडपून बाई दळायला बसे आणि घरातल्या माणसांपुरते ज्वारीचे पीठ निघेपर्यंत हात थांबत नसे. खांदा, पाठ, पोट आणि फुप्फुसे यांचे ते सलग काम होते, आणि शरीराचे वजन जमिनीवर टेकलेले असल्याने गुडघ्यावर उभा भार नव्हता. दळताना ओवी म्हटली जाई. ओवीची लांबी आणि जात्याच्या फेऱ्या यांचा जो मेळ आहे, तो श्वासाचा मेळ आहे. आजच्या 'बोलता यावे, गाता येऊ नये' या खुणेने पाहिले तर ओवी म्हणणारी बाई सोपा, संथ व्यायाम करत होती, आणि पायली भरत आली की ओवी आपोआप तुटक होत असणार. पण याचा गौरव करताना भान ठेवले पाहिजे. तो व्यायाम निवडलेला नव्हता, लादलेला होता. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो योग्यच होता. जाते परत आणा असे म्हणण्यात काही अर्थ नाही. अर्थ आहे तो एवढ्यात की बसून, हातांनी, अर्धा तास सलग काम करून हृदयाला व्यायाम देता येतो, हे वऱ्हाडातल्या लाखो बायकांनी करून दाखवले होते. जिममध्ये हाताने फिरवायचे पायडलचे यंत्र असते, ते पाहून आजीला हसू यायला हरकत नाही.

तिसरे साधन सायकल. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात देशी कारखाने उभे राहिले, मद्रासचा टीआय 1949 चा, सोनीपतचा अ‍ॅटलस 1951 चा, लुधियानाचा हिरो 1956 चा, आणि काळी, दांडीची सायकल गावोगाव पोचली. मास्तर, पोस्टमन, दूधवाला, दर्यापूरला लागूनच्या बनोशाच्या स्टेशनावर जाणारा, सगळे सायकलवर. ज्याच्याकडे नव्हती तो ताशी भाड्याने घेई. मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे तर इतकी संथ होती की तिच्याशी सायकलवाल्याने शर्यत लावावी. पूर्णेचे खोरे सपाट आहे. गाविलगडच्या पायथ्यापर्यंत चढ असा लागत नाही. सायकलला याहून सोयीचा मुलूख महाराष्ट्रात थोडाच असेल. गुडघ्याला याचा फायदा काय, तो बर्लिनच्या आकड्यांत आधीच येऊन गेला. पण इथेही एक बारकावा आहे. आपल्याकडे सीट खाली ठेवण्याची सवय, का तर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. सीट खाली असली की पायडल मारताना गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागे दाब वाढतो. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर हवी. शिवाय कॅरियरवर पोते आणि समोरून वारा असेल तर जोर लावावा लागतो आणि हलक्या व्यायामाचा जड होतो. मोटारसायकल आली तशी सायकल गरिबीची खूण ठरली आणि भाड्याची दुकाने एकेक करून मिटली. 2020 साली अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो 3 जूनला, जागतिक सायकल दिनीच.

आता दुसरा आक्षेप, आणि हा जास्त गंभीर आहे. शेतकरी माणसाला असल्या व्यायामाची गरजच काय? तो दिवसभर वावरात राबतो, आणि शिवाय वऱ्हाड हा चालणाऱ्यांचा मुलूख. कौंडण्यपूरची रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, शेगावची गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालते, श्रावणात अकोल्याचे कावडधारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन अनवाणी राजेश्वराला येतात. याचे उत्तर दोन भागांत दिले पाहिजे. वावरातले काम कष्टाचे आहे, पण ते कसले कष्ट? निंदण उकिडवे बसून, वेचणी वाकून, ओझे डोक्यावर. उकिडवे बसणे, गुडघे टेकणे आणि ओझी उचलणे यांनी गुडघा झिजण्याचा धोका वाढतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. म्हणजे शेतमजूर बाईचा गुडघा कामाने सांभाळला जात नाही, कामानेच जातो. आणि निंदणात दम लागतो तो तुकड्यातुकड्याने. हृदयाला हवा असतो तो सलग, एका लयीतला. दुसरा भाग चालण्याचा. सपाट रस्त्यावर, सावकाश, बऱ्या बुटांनी चालणे हे बहुतेक दुखऱ्या गुडघ्यांनाही मानवते, आणि डॉक्टर ते सांगतातही. पण दर्यापूरची जमीन ही काळी, भारी जमीन. पावसाळ्यात चिखल पाय धरून ठेवतो, पाय उपसताना गुडघा पिळतो. उन्हाळ्यात भेगा आणि ढेकळे. आखाड्यासाठी वेगळी भुसभुशीत तांबडी माती आणून, तेल-ताक-हळद घालून मळतात, कारण ही काळी माती पडणाराला झेलत नाही. पांदणीतून चालणे आणि डांबरी सडकेवर चालणे ही गुडघ्याच्या लेखी दोन वेगळी कामे आहेत. वारीची श्रद्धा तिच्या जागी थोर आहे. पण वारी हा वर्षातून एकदा महिनाभराचा देहदंड, हृदय मागते ते वर्षभराचे थोडे थोडे. वर्षातल्या एका जेवणावळीने रोजचे जेवण होत नाही.

आकड्याचे राज्य अजून संपलेले नाही, हे आजचा मोबाइल पाहिला की कळते. रोज दहा हजार पावले हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली, एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले आणि त्याचे नाव ठेवले 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. विक्रीचे नाव जगाचा दंडक झाले. गुडघा दुखावलेला माणूस अर्धा तास पाण्यात चालून येतो, वीस मिनिटे जागची सायकल मारतो आणि खिशातले यंत्र त्याला सांगते की आज तू काहीच केले नाहीस. बैठकांचा आकडा आणि पावलांचा आकडा यांत या माणसाच्या दृष्टीने फरक नाही. दोन्ही त्याला नापास करतात. खरा पुरावा काय सांगतो? 1953 साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी होता. ही वर-खाली काही व्यायाम म्हणून केलेली नव्हती. कामातल्या हालचालीने हृदय राखले. पुढच्या अभ्यासांनी चालण्यापोहण्यापासून सायकलपर्यंत सगळ्यांना तो मान दिला. मॉरिसच्या कंडक्टरांचा जिना आपल्या रुग्णाला वर्ज्य आहे, पण जिन्याने हृदयाला जे दिले ते पाणी, पायडल आणि मुगदर हेही देऊ शकतात.

कुणी असेही म्हणेल की हे सगळे मागाहून जुळवलेले आहे. डेबू काही हृदयासाठी पोहत नव्हता आणि पोस्टमन गुडघ्यासाठी सायकल चालवत नव्हता. बरोबर आहे. पण इतिहासाकडे पाहण्याचा हाही एक उपयोग असतो की हेतू एक आणि परिणाम दुसरा हे ओळखता यावे. या हालचाली व्यायाम म्हणून जपल्या गेल्या नाहीत, म्हणूनच कामाची गरज संपताच त्या गेल्या: गिरणी आली आणि जाते गेले, मोटारसायकल आली आणि सायकल गेली, नळ आला, नदी आटली आणि पोहणे गेले. बैठक मात्र टिकली, कारण तिला संस्था होती, वस्ताद होता, तसबीर होती. जे प्रतिष्ठेच्या आत होते ते राहिले, बाहेरचे वाहून गेले, आणि वाहून गेले तेच नेमके दुखऱ्या गुडघ्याच्या कामाचे होते.

म्हणून दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूरकडच्या तालमी आणि व्यायामशाळा चालवणाऱ्यांना एक विनंती. हौदा आहे तसाच राहू द्या, बैठकाही राहू द्या; ज्याचा गुडघा धड आहे त्याने त्या जरूर काढाव्यात. पण कोपऱ्यात धूळ खात उभी असलेली हलकी जोडी पुसून बाहेर काढा, तिच्याशेजारी एक बिनहाताची खुर्ची ठेवा, आणि एखादी जुनी सायकल सीट वर करून घोडीवर लावून ठेवा. भिंतीवर घड्याळ असतेच. गुडघ्याला पट्टी बांधून, आधी डॉक्टरला विचारून कुणी दारात आला, तर त्याला किती काढणार हे विचारू नका. त्याला वीस मिनिटे द्या, आणि अधूनमधून त्याच्याशी बोलत राहा. उत्तर देताना त्याला थोडी धाप लागली, तर त्याचा व्यायाम चालू आहे असे समजा.